थांबण्याचे गुण

सोहारहून बस सुटली पहाटे पाचला.
उजवीकडे डोंगर, डावीकडे मधूनच समुद्र,
आम्ही नऊजणी, मांडीवर डबे,
कारण हॉटेलातल्या जेवणाचा भरवसा काय.
मस्कतला पोचलो तेव्हा गळ्यात पट्टी आली,
पट्टीवर नाव : मुरनालिनी.
असू दे.
दोन दिवस, बारा तास, बारा गुण,
तेवढे जमले की परवाना पुढे सरकतो.

दाराशीच प्रत्येकीला कानयंत्र दिलं.
एकवर अरबी, दोनवर इंग्रजी.
मराठी कुठेच नव्हती,
ती मी आतल्या आत लावून घेतली.

पहिल्या दिवशी दुपारी जोड्या पाडल्या.
एकीने मुकं व्हायचं, दुसरीकडे पाणी मागायचं.
माझ्या वाट्याला जमजम, निझवाची फिजिओ,
ती बिचारी ओठ दाबून लालबुंद,
शेवटी हसली आणि हरली.
मला काही जड गेलं नाही.
अकरा वर्षं या देशात मी
कांदे, किल्ली, डोकेदुखी, रजा,
सगळं हातवाऱ्यांनीच मागत आलेय.
पाहुण्या बाई म्हणाल्या, उत्तम!
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नमाजाच्या सुटीनंतर
ओल्या बाह्यांनी लोक परतले,
खजूर, वेलचीची कॉफी,
आणि पडद्यावर बाण, चौकोन, पुन्हा बाण.
मी डुलक्या घेतल्या, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मंचावर आला अज्ज़ान.
वय एकोणीस. पांढरी दिशदाशा, डोक्यावर कुम्मा,
आणि कुम्म्यावरून कानांवर जाडजूड निळे डबे,
आवाज बाहेर ठेवणारे.
समोर आम्ही तीनशे, कानांवर काळी यंत्रं,
आवाज आत घेणारी.
पाहुण्या बाईंनी विचारलं, हळू, शब्द सुटे करून :
तुला कशाने मदत होते?

अज्ज़ानने मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं.
मग छताकडे. मग पाटीकडे.
आई शेजारी, हात पदराखाली घट्ट,
सांगायचं नाही हे तिने स्वतःला बजावलेलं
लांबूनही दिसत होतं.
माझ्या कानात दुभाष्याचा नुसता श्वास.
दोनवरून एकवर गेले, तिथेही श्वास.
कुणी खोकलं. कुणाचा चमचा पडला.
मी मनात मोजत होते, सदतीस, अडतीस,
आमच्या वर्गात पाचच्या पुढे
मी कधी गेलेली नाही.
पाच झाले की मीच उत्तर देते,
मुलाचा हात धरून चित्रावर ठेवते,
आणि तक्त्यात लिहिते : जमलं.

मग त्याच्या पाटीतून एका बाईचा आवाज आला :
दिवा.
पुन्हा : दिवा. तो. ओरडतो.

सगळ्यांनी वर पाहिलं.
मी यंत्र काढलं, तर खरंच,
मंचावरची एक नळी बारीक चिरकत होती,
काल सकाळपासून चिरकत असणार.
चहाचे कप गोळा करणारा एक पोऱ्या धावला,
भिंतीवर बटणं चाचपली,
दोन चुकीची, तिसरं बरोबर.
अज्ज़ानचे खांदे उतरले, बोटभर.
टाळ्या वाजवायच्या की नाही
कुणालाच ठरवता येईना.

परतीच्या बसमध्ये बाकीच्यांनी प्रमाणपत्रं काढली,
सोनेरी कडा, शाईचा वास.
मला मात्र आमच्या वर्गातला
खिडकीकडचा कोपरा आठवत राहिला,
जिथे शिहाबला बसवलं की
तो तळहात कानावर आपटतो.
तीन महिन्यांच्या नोंदी, माझ्याच अक्षरात :
वर्तन, कारणाविना.
वर्तन, कारणाविना.
एकदा तर खाली लाल रेघ.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले.
पंखा बंद केला, थंड हवेचं यंत्र बंद,
त्या कोपऱ्यात त्याच्या बुटक्या खुर्चीवर
गुडघे पोटाशी घेऊन बसले.
थांबले. पाचच्या पुढे. चाळीसच्या पुढे.
आणि मग ऐकू आलं.

खुर्चीवर चढून नळी काढली तेव्हा
बोटांना धूळ, आणि थोडी ऊब.

शिहाब त्या दिवशी आला नाही.
आईचा निरोप होता, ताप आहे.
मी नळी वर्तमानपत्रात गुंडाळली,
कपाटावर ठेवली,
आणि जुनी नोंदवही उघडून बसले.
खोडायचं, की तसंच ठेवून
शेजारी लिहायचं?